कच्चा डाव, अनोळखी भिडू: मोठ्या कन्व्हेन्शनमध्ये आपला बोर्ड गेम पहिल्यांदा दाखवताना

मला पहिल्यांदा टेबल मिळालं तेव्हा नियम सांगायलाच 26 मिनिटं लागली. समोर चार भिडू होते. विसाव्या मिनिटाला त्यांतला एक 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठला, तो परत आलाच नाही. तेव्हा त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्या टेबलावरची सगळ्यात प्रामाणिक प्रतिक्रिया त्याचीच होती. बाकीचे तिघे नुसते भिडस्त होते.

घरी असं होत नाही. मित्र तुम्हाला ओळखतात, डाव अडकला की सांभाळून घेतात आणि शेवटी 'मस्त जमलंय' म्हणतात. कन्व्हेन्शनला, म्हणजे गेमच्या मोठ्या मेळ्यात, समोर बसणारा माणूस तिकीट काढून आलेला असतो. त्याच्या आजूबाजूला शेकडो तयार, चकचकीत गेम मांडलेले असतात आणि तरीही तो पाऊण तास तुमच्या कागदी तुकड्यांना देतो. त्या पाऊण तासाचं सोनं कसं करायचं, एवढंच या लेखात आहे.

आधी ठरवा, जाताय कशाला

प्रोटोटाइप, म्हणजे गेमचा कच्चा नमुना, घेऊन जाण्याची कारणं साधारण तीन असतात. गेम कुठे फसतोय ते बघायचं असतं, प्रकाशक शोधायचा असतो, किंवा स्वतःच क्राउडफंडिंग करणार असाल, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवून गेम काढणार असाल, तर आधीपासून लोकांपर्यंत नाव पोचवायचं असतं. तिन्ही एकाच फेरीत साधायला गेलात तर तिन्ही अर्धवट राहतात. ज्या टेबलावर तुम्ही गेम विकायला बसलाय, तिथे तुम्हाला कुणी खरं बोललेलं सोसणार नाही. ज्या टेबलावर चुका शोधताय, तिथे प्रकाशकाला आणून बसवणं म्हणजे घर रंगवताना पाहुणे बोलावण्यासारखं आहे. पहिल्या वेळी पहिलंच कारण धरा.

गेम किती तयार हवा? पूर्ण नको, पण शेवटपर्यंत खेळून झालेला हवा. हसू नका. पहिल्या दोन फेऱ्या छान चालतात म्हणून उत्साहाने आलेले आणि शेवट कसा होतो हे टेबलावरच पहिल्यांदा कळलेले डिझायनर मी पाहिलेत. ओळखीच्या लोकांबरोबर निदान दहा-बारा पूर्ण डाव झालेले असावेत. निदान एकदा तरी तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला गप्प बसला आहात आणि लोक फक्त नियमपुस्तिका वाचून खेळलेत, असं झालेलं असावं. याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. त्यातून कळणाऱ्या ढोबळ चुका दूरवर प्रवास करून, तिकीट काढून कळण्यात अर्थ नाही.

कुठली जागा कशासाठी

मोठं कन्व्हेन्शन म्हटलं की सगळी एकाच साच्याची वाटतात. तशी ती नाहीत.

जर्मनीतल्या एसेनचा 'श्पील' 1983 पासून भरतो. ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार असे चार दिवस, आणि 2024 साली तिथे 2 लाखांहून जास्त लोक आले. पण तो मुख्यतः प्रकाशकांचा मेळा आहे. माणसं नवीन गेम विकत घ्यायला आणि स्टॉलवर खेळून बघायला येतात. मोकळं टेबल पकडून स्वतःचा प्रोटोटाइप मांडण्याची ती जागा नव्हे. तिथे जायचं ते प्रकाशकांच्या संपादकांना आधी ठरवून भेटायला.

अमेरिकेतलं 'जेन कॉन' त्याहून जुनं. 1968 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला सुरू झालं आणि 2003 पासून इंडियानापोलिसला भरतं. तिथे 'फर्स्ट एक्सपोजर प्लेटेस्ट हॉल' नावाचा, कच्चे गेम खेळून पारखण्याचा (प्लेटेस्टचा) स्वतंत्र विभाग आहे. डिझायनर वेळेचे ठरावीक तुकडे आधी आरक्षित करतात आणि आयोजक त्यांच्या टेबलावर खेळणारे आणून बसवतात. बर्मिंगहॅमच्या 'यूके गेम्स एक्स्पो'मध्ये प्लेटेस्ट झोन असतो, तर फिलाडेल्फियाच्या 'पॅक्स अनप्लग्ड'मध्ये अप्रकाशित गेमच्या चाचणीसाठी असलेल्या 'अनपब'ची टेबलं असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी अशा राखीव जागा सगळ्यात बऱ्या, कारण तिथे येणाऱ्याला समोरचा गेम कच्चा आहे हे माहीत असतं.

'प्रोटोस्पील' हा अजून वेगळा प्रकार. तिथे बहुतेक सगळे डिझायनरच असतात आणि एकमेकांचे गेम खेळतात. डिझायनर तुम्हाला गेमची यंत्रणा कुठे गळतेय ते नेमकं सांगेल, पण सामान्य खेळणाऱ्याला कुठे झोप येते हे त्याला कळेलच असं नाही. मोठ्या कन्व्हेन्शनच्या आधी अशी एखादी छोटी फेरी झालेली असली तर उत्तम.

टेबलाची नोंदणी बऱ्याचदा काही महिने आधी उघडते आणि पटकन भरते. तारीख कॅलेंडरमध्ये टाका. एवढंच.

प्रोटोटाइप: देखणा नको, वाचता येणारा हवा

नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे वाया जातो. चित्रकाराला पैसे देऊन चित्रं काढून घेतात, डबा छापून घेतात. प्रकाशकाने गेम घेतला तर तो ती चित्रं बहुतेक बदलणारच. आणि चाचणीसाठी तर देखणेपणा चक्क आड येतो. पूर्ण झालेली दिसणारी वस्तू समोर असली की लोक तिला नावं ठेवायला कचरतात. पेनाने खोडून दुरुस्त केलेला पत्ता समोर असेल तर बिनधास्त म्हणतात, 'हा आकडा जास्त होतोय.'

पत्त्यांसाठी सगळ्यात सोपी पद्धत अशी. पोकर आकाराचा पत्ता साधारण 63 बाय 88 मिलिमीटरचा असतो, आणि ए-फोर कागदावर असे नऊ बसतात. साध्या कागदावर छापा, कापा, स्लीव्हमध्ये (पत्त्यावर चढवायच्या प्लास्टिकच्या पाकिटात) एखादा जुना पत्ता आधाराला ठेवून त्याच्यापुढे ही चिठ्ठी सरकवा. पिसता येतं, वाटता येतं आणि रात्री एखादा पत्ता बदलायचा झाला तर नवी चिठ्ठी आत गेली की झालं. वेगवेगळ्या गड्ड्यांना वेगवेगळ्या रंगाच्या पाठीचे स्लीव्ह वापरा. सात गड्ड्या एकाच काळ्या पाठीच्या असतील तर डाव आवरताना तुम्ही स्वतःलाच शिव्या घालाल.

अक्षर मोठं ठेवा. घरी दिव्याखाली आठ पॉइंटचा मजकूर वाचता येतो. हॉलमध्ये उजेड वरून आणि लांबून येतो आणि मधला पत्ता समोरच्याला उलटा दिसतो. टेबलाच्या मधोमध जे काही ठेवायचं ते उभं राहून, हातभर अंतरावरून वाचून बघा. एकट्या रंगांवर विसंबू नका. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण 12 पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. मोठ्या हॉलमध्ये दिवसभरात असा एकजण तुमच्या टेबलावर बसणारच. प्रत्येक रंगाला एक आकार किंवा खूण जोडा.

मदतपत्रिका मात्र जीव ओतून करा. प्रत्येक भिडूला एक, दोन बाजूंची. एका बाजूला आपल्या पाळीत काय काय करता येतं ते, दुसऱ्या बाजूला चिन्हांचे अर्थ. ही नीट असेल तर तुमची निम्मी बडबड वाचते.

अजून एक बारीकशी गोष्ट, जी मी फजिती झाल्यावर शिकलो. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक लिहा. एकदा माझ्या गड्डीत मागच्या आवृत्तीचा एक पत्ता राहून गेला होता. आम्ही तो काढून टाकला होता कारण तो भलताच ताकदवान होता. ज्या बाईंच्या हातात तो पडला त्या 40 गुणांनी जिंकल्या, आणि सगळ्या टेबलाने त्या गेमबद्दल दिलेली मतं मला फेकून द्यावी लागली.

शेवटी मांडणीचा वेळ. सामान प्रकारानुसार ठेवू नका, भिडूनुसार ठेवा: प्रत्येकाची एक झिपलॉक पिशवी, तिच्यात त्याच्या सोंगट्या, सुरुवातीचे पत्ते, मदतपत्रिका. लोक बसले की पिशव्या वाटायच्या. डाव मांडायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर काहीतरी आधीच मांडून ठेवा. गेम तीन तासांचा असेल तर तो अख्खा दाखवायचा हट्ट सोडा. मधल्या टप्प्याची एक स्थिती तयार करून न्या, प्रत्येकाला थोडी साधनसंपत्ती आणि थोडे गुण देऊन तिथूनच सुरू करा. शेवटच्या तासाची चाचणी घ्यायची असेल तर दुसरा मार्ग नाही.

पिशवीत काय हवं: कोरे पत्ते, कोरे फासे आणि त्यावर चिकटवायला लेबलं, पर्मनंट मार्कर, पेन्सिली, जास्तीचे स्लीव्ह, वही, पाण्याची बाटली आणि घशासाठी काहीतरी. कात्री-कटर विमानात हातातल्या सामानात अडकू शकतं, ते चेक-इनमध्ये टाका. प्रोटोटाइप मात्र कायम हातातल्या बॅगेत. हरवलेले कपडे विकत मिळतात.

नियम सांगण्याची तालीम

गेमइतकीच तालीम नियम सांगण्याची लागते, आणि ती जवळपास कुणीच करत नाही. फोनवर स्वतःला रेकॉर्ड करा. ऐकताना लाज वाटेल, पण कुठे गोल गोल फिरताय ते लगेच कळेल.

क्रम असा ठेवा. तुम्ही या गेममध्ये कोण आहात, एका वाक्यात. जिंकायचं कसं. डाव संपतो कधी. आपल्या पाळीत करायचं काय. बस, सुरू. बाकीचं जेव्हा समोर येईल तेव्हा. अपवाद, बरोबरी झाल्यास काय, गड्डी संपली तर काय, हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत सांगणारा माणूस खेळणाऱ्याला मदत करत नसतो. स्वतःची भीती शमवत असतो.

जिंकण्याची अट आधी सांगणं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'लाकूड गोळा करा, मग त्याचं घर करा, मग घराचे गुण' असं खालून वर सांगितलं तर ऐकणारा लाकडापाशीच विचार करत बसतो, हे कशासाठी? 'ज्याच्या घरांचे गुण जास्त तो जिंकला, घर बांधायला लाकूड लागतं' असं वरून खाली आलात तर प्रत्येक नवीन नियमाला लटकायला खुंटी मिळते.

आणि एक बंदी स्वतःवर घाला: 'हा नियम आधी असा होता, मग आम्ही तो बदलला.' समोरच्याला तुमच्या गेमच्या बालपणात रस नाही.

टेबलावर

खुर्चीत बसून फोनकडे बघणाऱ्या डिझायनरच्या टेबलावर कुणी येत नाही. उभे राहा. टेबलावर एक पाटी लावा: गेमचं नाव, किती भिडू, किती वेळ, आणि मोठ्या अक्षरात 'प्रोटोटाइप'. वेळ खरी लिहा. घरी 45 मिनिटं लागत असतील तर इथे नियम, प्रश्न आणि नंतरचं बोलणं धरून तासावर जातं. 45 लिहून लोकांना सव्वा तास बसवलंत तर शेवटची वीस मिनिटं ते घड्याळ खेळत असतात, तुमचा गेम नाही.

तुम्ही स्वतः खेळू नका. खेळायला लागलात की तुमचं अर्धं डोकं जिंकण्यात जातं, आणि तुम्ही तर त्या गेमचे जगज्जेते. भिडू कमीच पडत असेल तर लिंबूटिंबू म्हणून बसा, झटपट खेळी करा, कुणाची वाट अडवू नका.

आता गप्प बसण्याचा भाग. हा सगळ्यात अवघड. समोरचा चुकीची खेळी करतोय, तुम्हाला दिसतंय की त्या डावीकडच्या पत्त्याने तो जिंकेल, आणि तोंडातून 'अहो, ते बघा ना' बाहेर पडतं. नका बोलू. त्याला तो पत्ता का दिसला नाही हेच तर बघायला तुम्ही आलाय. रंगामुळे दिसला नाही? मजकूर लांबलचक म्हणून वाचलाच नाही? की वाचला आणि कळला नाही? तुम्ही सांगून टाकलंत की यातलं काहीच कळायचा मार्ग उरत नाही.

नियमच चुकीचा खेळला तर? इथे मी दोन वाटा ठेवतो. चुकीमुळे पुढचा सगळा डाव निरर्थक होणार असेल तर लगेच, हसून दुरुस्त करायचं. तसं नसेल तर चालू द्यायचं आणि टिपून ठेवायचं. माणसं नियम चुकीचा लक्षात ठेवतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना जो सहज वाटला तो ठेवतात. माझ्या एका गेममध्ये लिलावात हरलेल्याचे पैसे जात असत. तीन वेगवेगळ्या टेबलांवर लोकांनी ते परत घेतले. चौथ्या टेबलापासून मी तोच नियम करून टाकला आणि एक आख्खा परिच्छेद नियमपुस्तिकेतून गेला.

काय टिपायचं? माझ्या वहीत डावीकडे वेळ असते आणि उजवीकडे एक-दोन शब्द. कुणी नियम पुन्हा विचारला तर 'प्र'. कुणी मागे रेलून बसलं, फोन काढला, तर त्याच्या जागेचा क्रमांक. कुणी हसलं, कुणी 'अरे देवा' केलं, कुणी दुसऱ्याच्या पाळीत मान पुढे काढून बघितलं, तेही. ही शेवटची खूण माझी सगळ्यात आवडती: माणूस स्वतःची पाळी नसताना पट बघतोय म्हणजे गेम जिवंत आहे. तोंडाने लोक खोटं बोलतील, सभ्यपणापोटी बोलतीलच, पण मान आणि हात सहसा खोटं बोलत नाहीत.

तोच 'प्र' तीन टेबलांवर त्याच जागी पडला तर दोष खेळणाऱ्यांचा नाही, हे लिहून ठेवा. पहिल्या टेबलावर मात्र काही बदलू नका. पहिलं टेबल नेहमी काहीतरी विचित्रच करतं.

आणि डाव मोडण्याची तयारी ठेवा. अर्ध्या तासात स्पष्ट दिसलं की एकजण इतका पुढे गेलाय की बाकीचे नुसते पत्ते टाकताहेत, तर थांबवा. 'मला हवं होतं ते कळलं, उरलेल्या वेळात जरा बोलूया का?' म्हणा. मी आजवर ज्या ज्या टेबलावर हे म्हटलं, तिथे लोकांचे खांदे सैल झालेले दिसले. शेवटपर्यंत खेळवण्यात कसली निष्ठा नाही, ती फक्त तुमची भीड असते. बोलण्यासाठी दहा मिनिटं राखायचीच, मग डाव कुठेही पोचलेला असो.

प्रतिक्रिया घेताना

'आवडला का?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला एकच उत्तर येतं. त्याऐवजी एखाद्या जागेबद्दल विचारा. कंटाळा नेमका कधी आला? शेवटून दुसऱ्या फेरीत तुम्ही काय ठरवत होतात? कुठला नियम दोनदा विचारावा लागला? आणि माझा हुकमी: 'हा गेम उद्या मित्राला सांगायचा झाला तर काय सांगाल?' याच्या उत्तरात लोक कुठलीही चतुराई न करता तुमच्या गेमचा गाभा सांगतात. तुम्हाला वाटत असतं गेम व्यापाराचा आहे, आणि चार टेबलं सांगतात, 'शेजाऱ्याला फसवायचा आहे.' प्रकाशकासमोर बोलायचं पहिलं वाक्य मला असंच मिळालं होतं.

हरलेल्याला आधी विचारा. जिंकणाऱ्याला गेम बरा वाटतोच. अर्थात हरलेल्याचा रडीचा डाव असू शकतो, 'फासेच पडले नाहीत' वगैरे. एकदा ऐकून सोडून द्या. वेगवेगळ्या टेबलांवर तीन अनोळखी माणसं तेच रडगाणं गायला लागली की फाशांकडे बघा.

लोक अडचण सांगतात आणि पाठोपाठ उपायही सांगतात. अडचण बहुतेक वेळा खरी असते. उपाय मात्र त्यांना आवडणाऱ्या दुसऱ्या गेममधून आलेला असतो. दोन्ही लिहून घ्या, वेगवेगळ्या रकान्यांत. 'ते आम्ही करून पाहिलंय, चालत नाही' असं म्हणू नका. खरं असलं तरी. ते वाक्य ऐकल्यावर माणूस पुढचं बोलायचं थांबतो, आणि कदाचित पुढचंच तुम्हाला हवं होतं.

प्रत्येक टेबलावर एकजण शांत असतो आणि एकजण सगळ्यांच्या वतीने बोलतो. शांत माणसासाठी चार प्रश्नांचा छोटा कागद आणि पेन्सिल ठेवा. बोलणारा उठून गेल्यावर तो दोन ओळी लिहितो, त्या सोन्याच्या असतात.

रात्री, खोलीवर

दिवसभराच्या टिपणांतून एकच बदल निवडा. पाच बदल केलेत आणि दुसऱ्या दिवशी गेम सुधारला तर कशाने सुधारला ते कळणार नाही, बिघडला तरी कळणार नाही. आकडे बदलणं सोपं, ते करा. नवी यंत्रणा रात्री बारा वाजता सुचली तर वहीत लिहा आणि झोपा. घसा बसलेला असतो, डोकं तापलेलं असतं, आणि त्या अवस्थेत सुचलेले नियम सकाळी टेबलावर कुणालाच समजावता येत नाहीत. मी हे दोनदा केलंय.

प्रकाशकाला भेटायचं झालं तर

हे पहिल्या फेरीचं काम नाही असं वर म्हटलं, पण गेम तयार असेल तर तेवढंही सांगतो. स्टॉलवर विक्रीच्या गर्दीत जाऊन 'माझा एक गेम आहे' म्हणू नका. स्टॉलवर उभी असलेली माणसं बहुतेक विक्रीची असतात. कन्व्हेन्शनच्या दीड-दोन महिने आधी ईमेल करा. एका पानाचं सेल शीट जोडा: नाव, भिडूंची संख्या, वेळ, वयोगट, सामानाची यादी, टेबलावर मांडलेल्या गेमचा एक फोटो, आणि इतरांपेक्षा यात वेगळं काय ते दोन-तीन ओळींत. त्याआधी त्या प्रकाशकाचे गेम बघा. फक्त लहान मुलांचे गेम काढणाऱ्याकडे तीन तासांचं युद्ध घेऊन जाणारे दरवर्षी असतात.

भेट साधारण अर्ध्या तासाची असते, आणि त्यात अख्खा डाव खेळायचा नसतो. पट आधी मांडा, दोन-तीन पाळ्या दाखवा, गेममधला सगळ्यात रंगतदार क्षण दाखवा आणि थांबा. प्रश्न विचारू द्या. टेबलटॉप सिम्युलेटरवर (संगणकावर बोर्ड गेम खेळायच्या प्रोग्रामवर) डिजिटल आवृत्ती तयार असेल तर सांगा, लांबच्या संपादकांना ती सोयीची पडते.

'कल्पना चोरली तर?' हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. गेमची यंत्रणा, म्हणजे खेळण्याची पद्धत, कॉपीराइटच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेचं कॉपीराइट ऑफिस तसं स्पष्ट सांगतं. नियमांचं लिखाण आणि चित्रं तेवढी येतात. पण म्हणून गोपनीयतेचा करार पुढे करू नका. चाचणीला आलेला माणूस त्यावर सही करण्याऐवजी शेजारच्या टेबलावर जाईल, आणि बहुतेक प्रकाशकही सही करत नाहीत, कारण त्यांच्याकडे वर्षभरात एकसारखे दिसणारे कितीतरी गेम येतात. लपवून ठेवलेला गेम चोरीला जात नाही हे खरं, पण तो सुधारतही नाही.

हक्कांची काळजी करायचीच असेल तर करार नीट वाचा, आणि डब्यावर तुमचं नाव कुठे येणार ते विचारा. हे फुकटात मिळालेलं नाही. 1988 साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या मेळ्यात 13 गेम-लेखकांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या होत्या: डब्यावर नाव नसेल तर आमच्यातला कुणी प्रकाशकाला गेम देणार नाही. आज डब्यावर डिझायनरचं नाव सहज दिसतं.

आणि घाई करू नका. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी 'विंगस्पॅन' 2016 च्या जेन कॉनमध्ये प्रकाशकाला दाखवला. तो बाजारात आला 2019 मध्ये. 'विचार करू' म्हणून प्रोटोटाइप ठेवून घेतला आणि महिना झाला तरी उत्तर नाही, यात काही विशेष नाही. दीड-दोन महिन्यांनी एक विनम्र ईमेल टाका.

परत आल्यावर

दोन दिवसांच्या आत टिपणं स्वच्छ लिहून काढा. तिसऱ्या दिवशी '3:40, प्र, हिरवा??' याचा अर्थ तुम्हालाच लागत नाही. ज्यांनी ईमेल दिलाय त्यांना दोन ओळी लिहा, त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं ते कळवा. पुढची आवृत्ती आपणहून खेळायला येणारे भिडू यांतूनच मिळतात. नियमपुस्तिकेच्या शेवटी नाव छापलेलं चालेल का, हेही विचारून ठेवा.

आणि पिशव्या उघडून सगळे पत्ते मोजा. एखादा हमखास कमी भरतो. बहुतेक वेळा तो तुमच्याच कोटाच्या खिशात असतो, रात्री बदलायचा म्हणून काढून ठेवलेला.